प्रतिसाद: उत्प्रेरक खरंच नामानिराळा राहतो?
वर कोणीतरी लिहिलंय की कवी उत्प्रेरकासारखा, म्हणजे स्वतः खर्च न होता रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थासारखा, नामानिराळा राहतो. इंग्रजीतला कवी टी. एस. एलियट यानं १९१९ मध्ये हेच मांडलं होतं, कवीचं मन म्हणजे प्लॅटिनमची तार, तिच्यामुळे ऑक्सिजन आणि सल्फर डायऑक्साइडचा संयोग होतो आणि तार मात्र जशीच्या तशी. पण प्लॅटिनम नुसतं बघत बसत नाही हो, रेणू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, बंध तिथेच सैल होतात, संयोग झाला की सुटतात. आणि वायूत आर्सेनिक असेल तर प्लॅटिनम निकामी होतं, म्हणून तर हाच संयोग वापरणाऱ्या सल्फ्युरिक ॲसिडच्या कारखान्यांत पुढे त्याच्या जागी व्हॅनेडियम पेंटॉक्साइड हा उत्प्रेरक आला. मला ही उपमा एलियटचा कविमित्र एझरा पाउंड याला जास्त शोभते असं वाटतं, एलियटच्याच १९२२ च्या ‘द वेस्ट लँड’ या दीर्घकवितेचा केवढा मजकूर त्यानं छाटला!