मदत हवी आहे: नोंदवहीत नुसतं 'यांजकडून' लिहिलंय, वस्तू नक्की कोणाची?

नमस्कार मंडळी,

आम्ही आठ-नऊ जण हौसेने एक स्थानिक इतिहास मंडळ आणि त्याचं छोटं संग्रहालय चालवतो. पगारी कोणी नाही. आजवर वस्तूंची सगळी कुंडली जुन्या चिटणिसांच्या डोक्यात होती. ते गेले, आणि मग वही उघडली.

वहीत नोंदी आहेत, पण कशा? "भिंतीवरचे घड्याळ, १ नग, अमुक यांजकडून." बस्स. भेट दिलं, ठेवायला दिलं की विकत घेतलं, काही पत्ता नाही. आता त्या घरातली नात आली आहे. आजोबांनी घड्याळ फक्त ठेवायला दिलं होतं, परत हवंय, म्हणते. भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती फार नीट बोलली. कागद तिच्याकडेही नाही. समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो देऊन टाका, दुसरा म्हणतो उद्या दारात रांग लागेल. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

शिवाय निम्म्या वस्तूंवर नंबरच नाही. एका उत्साही सदस्याने मार्करने थेट वस्तूंवरच नंबर घालायला घेतले होते, एका बरणीवर थांबवलं. जुनी पत्रं लॅमिनेट करायचाही त्याचा विचार आहे. काय करू?

जुनी खतावणी:
लॅमिनेशन आधी थांबवा. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक कागदाला धक्का न लावता पुन्हा निघत नाही.

घड्याळाचं आत्ता हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. आधी त्या काळातली सभांची इतिवृत्तं, पावत्यांच्या स्थळप्रती, वार्षिक अहवालातली आभाराची यादी, प्रदर्शनातल्या जुन्या पाट्या धुंडाळा. पाटीवर 'यांची भेट' असेल तर तुमची बाजू भक्कम. 'यांच्या सौजन्याने' असेल तर संशयाला जागा आहे. आणखी वारस आहेत का, हेही विचारा. नातीला दिलं आणि महिन्याने तिचा चुलतभाऊ आला तर? वस्तू परत मागायचा दावा किती वर्षांत करायचा, याचे मुदतीचे कायदे जागोजागी वेगळे, म्हणून वकिलाला एकदा दाखवा आणि जे ठरेल ते ठरावानेच करा. घड्याळ तिचं, पण राहणार तुमच्याकडे, असं ठरलं तर ठरावीक वर्षांचा उसनवारीचा करार करा. 'कायमस्वरूपी उसने' हा शब्द मात्र कुठेही लिहू नका, पुढच्या पिढीला हाच घोळ मिळेल.

नंबर साधा ठेवा: वर्ष, त्या वर्षातली कितवी आवक, त्यातली कितवी वस्तू. म्हणजे २०२५.४.१२. जिचा मूळ मालक कळत नाही तिच्यापुढे 'संग्रहात सापडली' एवढंच लिहा. अंदाजाने नाव घातलंत तर दहा वर्षांनी तोच पुरावा होऊन बसतो. चिनीमाती, काच, धातू यांवर पॅरालॉइड बी-७२ चा (संग्रहालयात वापरतात ती पारदर्शक अॅक्रिलिक राळ) पातळ थर, त्यावर नंबर, वर पुन्हा थर. अ‍ॅसिटोनने निघतो. प्लास्टिकवर हे चालत नाही, अ‍ॅसिटोन बरीच प्लास्टिकं खातो. कापडाला सुती फितीवर नंबर लिहून टाका घाला, कागदाला मागे मऊ शिसपेन्सिल.

उंबरठा:
खोलीच कोंबलेली असेल तर इक्रॉम या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची 'री-ऑर्ग' पद्धत बघा. लहान संग्रहालयांच्या साठवणीसाठीच केलेली आहे. आधी जागा, मग नोंदी, हा क्रम आम्हाला फार उपयोगी पडला.

धागाकर्ता:
आभार! इतिवृत्तात एक ओळ मिळाली: "घड्याळाच्या दुरुस्तीचा खर्च मंडळाने करावा असे ठरले." मग घड्याळ आमचंच ना?

जुनी खतावणी:
नाही. उसनी आणलेली वस्तूही माणूस दुरुस्त करतो. पण ते पान नातीला दाखवा, लपवू नका. त्याच्या पुढची-मागची पानं वाचलीत का?

धागाकर्ता:
मागची वाचली. पुढचं वाळवीने खाल्लंय.