पुण्यात राहायला आलो म्हणून आमची वऱ्हाडी ‘अशुद्ध’ कशी झाली?

अंबानगरीची लेक

दोन वर्षांपूर्वी यांची बदली झाली आणि आम्ही अमरावतीहून पुण्यात आलो. घर लागलं, शेजार चांगला मिळाला. एक गोष्ट मात्र मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

मुलगा पाचवीत आहे. वर्गात बाईंनी विचारलं, काय चाललंय? तो म्हणाला, “चित्र काढून राहिलो.” वर्ग हसला. पोरं हसतातच, त्याचं काही नाही. पण बाई म्हणाल्या, “शुद्ध मराठीत सांग.” त्या दिवसापासून त्याचं बोलणं तुटलं. रविवारी आजीचा फोन येतो, ती विचारते, “काय करून राह्यला रे पोट्ट्या?” हा “काही नाही” म्हणतो आणि फोन माझ्या हातात देतो. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, “आजी चुकीचं बोलते.”

मी स्वतः इथं येऊन बदलले. पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्याकडे सांबार मागितला, तो म्हणाला, पुढच्या हॉटेलात मिळेल. आता कोथिंबीर म्हणते. आलूचा बटाटा झाला, बरबटीची चवळी झाली. ‘मी आली’चं ‘मी आले’ व्हायला सहा महिने लागले. याचं मला दुःख नाही. देश तसा वेश, एवढं कळतं. पण कोथिंबीर म्हणायला शिकणं वेगळं आणि तुझी आजी चुकीचं बोलते असं लेकराच्या मनात बसणं वेगळं. शाळेनं ‘वेगळी’ म्हणावं, ‘अशुद्ध’ म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

निवृत्त मास्तर

ताई, मी 31 वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे राग आला तरी लिहितो. बाईंनी चारचौघांत बोलायला नको होतं, मान्य. पण त्यांचं काम काय आहे तेही बघा. वर्गातली चाळीस मुलं चाळीस घरांतून येतात. कुणाकडे ‘जाऊन राहिलो’, कुणाकडे ‘जायलोय’, कुणाकडे ‘जातंय’. गडचिरोलीच्या मुलानं लिहिलेला अर्ज सावंतवाडीच्या कारकुनाला कळायचा तर एक सामाईक रूप लागतंच. ते रूप शाळेनं नाही शिकवायचं तर कुणी?

आणि ‘करून राहिलो’ हे सरळ ‘कर रहा हूँ’च्या शेजारानं आलेलं आहे. दुसऱ्या प्रदेशात गेल्यावर तिथली भाषा धरावी, हे आपल्याकडे फार जुनं आहे. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे. इथं आले आणि मराठीतच बोलले, शिकवलं. त्यांना कमीपणा वाटला नाही.

मोर्णाकाठचा

अवो ताई, मी अकोल्याचा. पुन्यात येऊन मले अकरा वर्सं झाले. कंपनीत मी तुमच्या पुन्याच्या लोकायपेक्षा चांगलं प्रमाण बोलतो, मीटिंगमधी कोनाले समजत बी नाई मी कुठचा हाओ ते. पन घराचं दार लागलं का वऱ्हाडी सुरू. माह्या पोरीले दोन्ही येते. शायेत एक, घरी एक. तिले कधी गोंधय झाला नाई.

एक विचारतो, राग मानू नका. तुमी घरात पोराशी कोनती बोलता?

अंबानगरीची लेक

@निवृत्त मास्तर, सर, चक्रधरस्वामींचं उदाहरण तुम्ही काढलंत, बरं झालं. ते ज्या लोकांत गेले त्यांच्या तोंडची भाषा त्यांनी घेतली. त्यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, म्हाइंभटांनी 13व्या शतकात जिथं बसून लिहिल्या ते रिद्धपूर आमच्या अमरावती जिल्ह्यातलं. मराठीतलं पहिलं मोठं गद्य तिथं लिहिलं गेलं. पंथातल्या केशिराजबासांनी संस्कृतात लिहायची इच्छा दाखवली तेव्हा त्यांचे गुरू नागदेवाचार्यांनी अडवलं, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बाया वंचित राहिल्या असत्या. आजीला कळेल ती भाषा, हा त्यांचा निकष होता. माझं म्हणणं याहून वेगळं काय आहे?

हिंदीचा शेजार आहेच. नागपूर 1861 पासून मध्य प्रांतात होतं, 1903 मध्ये वऱ्हाडही त्याला जोडला गेला, आणि 1956 पर्यंत आम्ही हिंदी मुलुखाबरोबर एकाच कारभारात नांदलो. कोर्टकचेरी, बाजार, सोयरिकी, सगळीकडे हिंदी कानावर. मग भाषेत ती येणार नाही तर काय? पुण्याच्या मराठीत दुकान, कागद, वकील, खुर्ची हे शब्द फारसी-अरबीतून आले, ते मात्र शुद्ध. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी शाळा आणि छापखाने निघाले तेव्हा पुण्याकडच्या शिकलेल्या घरांतली बोली प्रमाण धरली गेली. त्यात सोय होती, मान्य. पण सोयीला शुद्धता म्हणायचं नाही.

रंकाळ्याची

मी कोल्हापूरची, पाच वर्षं झाली नागपुरात आहे. दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडं बायका ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात. मी इथं ऑफिसात पहिल्या दिवशी “मी डबा आणलाय, मगाशीच आलो” म्हटलं आणि टेबलावरचे सगळे हसले. वर्षभर मला ‘आलो मॅडम’ म्हणत होते. तेव्हा हसण्याचा मक्ता एकट्या पुण्याकडं नाही, ताई. वर मला सगळे ‘पुण्याकडची’ म्हणतात. कोल्हापुरापासून पुणं सव्वादोनशे किलोमीटरवर आहे, पण इथनं बघितलं की सगळं एकच!

मला रुळवलं ते शेजारच्या काकूंनी. पहिल्या उन्हाळ्यात कूलरमध्ये वाळा कसा घालायचा ते दाखवलं, वडाभात करायला शिकवलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला इतवारीत घेऊन गेल्या. पिवळी मारबत, काळी मारबत, बडगे, आणि “घेऊन जा गे मारबत”चा तो गजर! त्या गर्दीत मला कुणी कुठली म्हणून विचारलं नाही. त्या दिवसापास्नं मी ‘मी आली’ म्हणायला लागलो. कुणी सुधारलं म्हणून नव्हे, त्या माणसांची माया लागली म्हणून. त्यामुळं मास्तरांचं मला अर्धंच पटतं. नव्या जागेची बोली धरावी, पण ती लाजेनं धरली तर जुनी मरते.

बंदरपार

मी सगळ्यांच्या विरुद्ध लिहितोय. आम्ही मालवणचे, वडील गिरणीत होते. परळच्या चाळीत आईवडील आपसात मालवणी बोलत, आम्हा भावंडांशी मात्र ठरवून ‘पुस्तकी’. “माका, तुका करत बसलास तर पुढे जाऊचो नाय,” असं वडील मालवणीतच सांगत. मी पुढे गेलो. बँकेत अधिकारी झालो. मालवणी मला समजते, बोलता येत नाही. त्यासाठी मी आईवडिलांना दोष देणार नाही, त्यांनी त्या वेळी विचार करूनच केलं.

आपल्याला गाव सोडल्याची टोचणी असते आणि ती आपण मुलांच्या जिभेवर ठेवतो. दहा वर्षांच्या मुलाला मित्र हवे असतात. त्याला ‘करतोय’ म्हणावंसं वाटतं तर म्हणू द्या. मोठा झाल्यावर त्याला हवी असेल तर तो बोली शोधेल.

निवृत्त मास्तर

ताई, नागदेवाचार्यांवर माझ्याकडे उत्तर नाही. एक कबूल करतो. मी बहिणाबाई चौधरींच्या कविता वर्गात गाऊन शिकवल्या. त्यातल्या लेवा बोलीला कधी कुणी हसलं नाही, मीही कधी तिला अशुद्ध म्हटलं नाही. पण खानदेशातून आलेला एक मुलगा निबंधात तसंच लिहायचा, त्याच्या वहीवर मी लाल रेघा मारल्या. मार्कही कापले. परीक्षेच्या वहीत प्रमाण हवं, हे मत मी आजही बदलत नाही. पण त्या मुलाला मी कधी सांगितलं नाही की हीच भाषा तुझ्या पुस्तकात कविता म्हणून छापली आहे. सांगायला एक मिनिट लागलं असतं.

अंबानगरीची लेक

@बंदरपार, दादा, तुमच्या वडिलांना मीही दोष देणार नाही. पण ‘मोठा झाल्यावर शोधेल’ हे मला पटत नाही. तुम्हाला समजते आणि बोलता येत नाही, असं तुम्हीच लिहिलंत. आजी तोवर थांबणार आहे का? ती आज 78 वर्षांची आहे. तिला कानानं कमी ऐकू येतं. नातू गप्प झाला की ती समजते, फोनच बिघडला.

@निवृत्त मास्तर, सर, बाईंना भेटायला जाईन तेव्हा वहीतलं प्रमाण मी नाकारणार नाही. तेवढं एक मिनिट मात्र मागणार आहे.

@मोर्णाकाठचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन दिवस टाळलं. घरात मी पोराशी इथल्यासारखीच बोलते. भाजीवाल्यासाठी म्हणून सुरू केलं, मग सोसायटीत, मग कधी स्वयंपाकघरात आलं ते कळलं नाही. त्याच्या कानावर वऱ्हाडी आता फक्त रविवारी, फोनमधून पडते. एकट्या आजीचीच. मग त्याला ती चुकीची वाटली, तर त्यात सगळा दोष बाईंचा नाही.

आज सकाळी त्याला डबा देताना म्हटलं, “लवकर खाऊन घेजो बापा, शायेले उशीर होऊन राह्यला.” त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही.