गिरणगावातल्या स्थानकाची एक भिंत: प्रवाशांच्या हाताला काय द्यावं?

साचेवाल्याची_नात

नमस्कार. मी शिल्पकार आहे. लालबागला चाळीत वाढले, आता डोंबिवलीला राहते आणि कामासाठी रोज परळला उतरते. गिरणगावातल्या एका स्थानकाच्या तिकीट दालनातली भिंत आमच्या चौघांच्या गटाला मिळायची शक्यता आहे. मंजुरीचा कागद अजून हातात आलेला नाही, त्यामुळे स्थानकाचं नाव लिहीत नाही. भिंत साधारण पस्तीस फूट लांब आहे. विषय गिरण्यांचा. अट एकच, की नुसतं चित्र नको. येणाऱ्या-जाणाऱ्याने हात लावावा आणि काहीतरी घडावं.

सगळ्यात आधी जे सुचलं ते सांगते. साखळी ओढली की भोंगा वाजेल. चिमणीवर दिवा लागेल. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासाठी एक मोठं कॅलेंडर, त्यात रविवार तेवढे उघडणारे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, लोखंड्यांच्या मागणीमुळे, हे आज सुट्टी घेणाऱ्या कितीजणांना माहीत आहे? यातलं काहीच वाईट नाही. पण कागदावर मांडलं तेव्हा माझं मलाच जाणवलं की चिमणी, भोंगा, मोर्चा हे कुणालाही सुचेल. ज्यांनी तिथे जन्म काढला त्यांच्या हाताला रोज काय लागत होतं, ते यात कुठेच नाही.

माझे आजोबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे साच्यावर, यंत्रमागावर, कापड विणायचे. ते गेले तेव्हा मी सात वर्षांची होते, विचारायचं राहून गेलं. त्यांचा एक धोटा, मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा, आमच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहे, दसऱ्याला आई त्याला हळद-कुंकू वाहते. काल तो उतरवून दिव्याखाली नीट पाहिला. सव्वा फुटाचं जड लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मध्ये सुताची कांडी बसायची पोकळी. एका बाजूला टोकाजवळ बारीक भोक, आत चिनीमातीचं कडं. बाकी सगळं लाकूड चरे पडलेलं, खरखरीत आहे. त्या भोकाभोवती मात्र रुपयाएवढी जागा काळपट, गुळगुळीत, चकाकणारी. तिथेच लाकूड इतकं कशाने घासलं असेल? आईला माहीत नाही. इथे गिरणीत काम केलेलं कुणी असेल तर सांगा. आणि भिंतीबद्दल काही सुचत असेल तर तेही हवंय.

करीरोड_८_१२

ताई, कल्पना छान आहे, पण आधी एक गोष्ट सांगू दे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं गेली. मी त्या दिवशी उशिरा निघालो म्हणून आज लिहितोय. तेव्हापासून स्थानकात कुणी मध्येच थांबलं की माझ्या छातीत धस्स होतं. तुम्ही जे काही कराल ते जिन्याच्या तोंडाशी नको, पुलावर तर मुळीच नको. भिंतीसमोर आठ-दहा माणसं उभी राहिली तरी मागून येणाऱ्याची वाट मोकळी राहील एवढी जागा आधी मोजा. सकाळी साडेनऊला जाऊन मोजा, दुपारी नको.

आणि भोंगा मोठ्याने वाजवू नका. गर्दीत अचानक भोंगा वाजला तर लोक पळतील. ऐकवायचाच असेल तर कानाला लावून ऐकता येईल असं काहीतरी करा.

पाटणचा_नातू

हे माझे आजोबा सांगतायत, मी टाइप करतोय. वय ७४. १९६९ ला बदली कामगार म्हणून लागले, पुढे साचेखात्यात कायम झाले. खाली त्यांचेच शब्द आहेत.

पोरी, ते लाकूड ओठांनी घासलंय.

साच्यावर धोटा एका मिनिटाला दीडशेच्या वर वेळा इकडून तिकडे जातो. त्यातली कांडी चार-पाच मिनिटांत संपते. संपली की साचा थांबवायचा, धोटा बाहेर काढायचा, रिकामी कांडी टाकून भरलेली बसवायची. आता नव्या कांडीचं सूत त्या भोकातून बाहेर आलं पाहिजे. बोटाने येत नाही. मग आतून सुताचं टोक भोकापाशी धरायचं, बाहेरून भोकाला तोंड लावायचं आणि एकदम श्वास आत ओढायचा. सूत जिभेवर येतं. ते दाताने धरून बाहेर काढायचं, धोटा परत पेटीत, साचा चालू. हे सगळं तीन-चार सेकंदांचं काम. माझ्याकडे चार साचे होते. एका पाळीत तीनशे वेळा तरी तोंड लागत असेल. सुताबरोबर कापसाची फूस आत जायची, रंगीत सूत असलं की घरी आल्यावर बायको म्हणायची, आज निळं होतं वाटतं. हाताने ओवायचे धोटे पुढे आले, पण सगळ्या साच्यांना नव्हते.

आपला धोटा आपण दुसऱ्याला देत नसू. पण पाळी बदलली की त्याच साच्यावर दुसरा माणूस यायचा आणि त्याच धोट्याला तोंड लावायचा. खोकला असलेला असो नसो. क्षयाने माझ्या ओळीतले दोघं गेले. डॉक्टर काय म्हणायचे ते मला सांगता येणार नाही, आम्ही आपसांत धोट्याचंच नाव घ्यायचो.

आता आवाजाचं सांगतो. साचेखात्यात शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. आम्ही हाताच्या खुणांनी बोलायचो. चहा, मुकादम आला, कांडी संपली, पोरगा झाला, सगळ्याला खूण होती. आवाज कानापेक्षा पायातून जास्त यायचा, जमीन हलायची. रविवारी घरी बसलं तरी तळपाय हलत असल्यासारखं वाटायचं.

आणि साखळी ओढून भोंगा वाजवायचं ठेवू नको. भोंगा कामगाराने कधी वाजवला नाही. तो आमच्यावर वाजायचा. पहिला वाजला की उठायचं, दुसरा वाजला की चाळीतून धावायचं, शेवटच्याला फाटक बंद. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख माणूस होतं. आम्हाला वाटलं महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. त्यानंतर भोंगा ऐकू येईना म्हणून पहाटे चारला जाग येऊन मी चाळीच्या गॅलरीत बसायचो. तेवढं मात्र लिही कुठेतरी.

नायगाव_बीडीडी

वरचं आजोबांचं वाचून अंगावर काटा आला. त्यांना माझा नमस्कार सांगा. आता त्याच भोकाची दुसरी बाजू मी सांगतो, कारण ती भिंतीवर आली नाही तर भिंत अर्धीच राहील.

माझे पणजोबा रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त मिळायचा, ते त्यांनाही माहीत होतं. पण त्यांना तिथे पाऊल टाकता येत नव्हतं. कारण हाच धोटा. अस्पृश्य माणसाने तोंड लावलेल्या धोट्याला आपण तोंड कसं लावायचं, म्हणून सवर्ण कामगारच त्यांना आत येऊ देत नव्हते. मालकाचा हुकूम नव्हता तो, शेजारी काम करणाऱ्या भावांचा होता. १९२८ चा मोठा संप सहा महिने चालला, त्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगारांच्या मागण्या मागताय, तर आमच्या माणसांना साचेखातं उघडं करा ही मागणी त्यात का नको, असं त्यांचं म्हणणं होतं. बाबासाहेब तेव्हा परळच्याच बीआयटी चाळीत राहत होते. परळ स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर.

आमच्या घरी हे रागाने नाही, सरळ सांगितलं जायचं. पणजोबांनी तीस वर्षं सूत कातलं, ते ज्या धोट्यात जायचं त्याला कधी हात लावला नाही.

ताई, तुमच्या देव्हाऱ्याखालचा धोटा तुमच्या आजोबांच्या घामाचा आहे, त्याचा मान आहेच. माझी विनंती एवढीच, की भिंतीवर धोटा काचेच्या पेटीत ठेवू नका. सगळ्यांच्या हाताला लागेल असा ठेवा. आणि एकेकाळी तो सगळ्यांच्या हाताला लागत नव्हता हे त्याच्या शेजारीच, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहा. कोपऱ्यात नको.

खानावळवालीची_मुलगी

माझी आई चिंचपोकळीला खानावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले कामगार, महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी. पगार लांबला की आई सावकाराकडे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते अशाच बायकांसाठी, बँकेतून कर्ज मिळावं म्हणून. संपाच्या काळातही आईने कुणाचं ताट काढून घेतलं नाही, उधारीची वही भरत गेली. ती वही माझ्याकडे आहे. नावं झाकून दोन पानं भिंतीवर लावता आली तर मी देते. सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या बायकांनाही विसरू नका.

केंब्रिजचा_दादरकर

मी गेली एकोणीस वर्षं बॉस्टनजवळ केंब्रिजला आहे, केंडल स्थानकावरून रोज जातो. तिथे दोन्ही रुळांच्या मध्ये तीन वाद्यं टांगलेली आहेत, पॉल मॅटिस यांनी १९८७ मध्ये बसवलेली. नावं पायथागोरस, केप्लर, गॅलिलिओ. फलाटाच्या भिंतीवर हँडल आहेत, ते पुढेमागे ओढत राहायचं. पहिल्या ओढीला काहीच होत नाही. पायथागोरसचं हँडल लयीत ओढत राहिलं की मधले हातोडे हळूहळू झुलायला लागतात आणि मग धातूच्या लांब नळ्यांवर आदळून नाद उठतो. समोरच्या फलाटावरचा अनोळखी माणूसही आपल्याबरोबर ओढू लागतो. पहिल्या हिवाळ्यात मला तिथे कुणी ओळखीचं नव्हतं, तेव्हा त्या हँडलने मला खूप आधार दिला.

पण मी इथे लिहितोय ते दुसऱ्या कारणासाठी. ही हँडल वर्षानुवर्षं मोडलेली असायची. लोक ओढायचे, काही व्हायचं नाही, ओढणं सोडून द्यायचे. शेवटी शेजारच्या एमआयटीतल्या विद्यार्थ्यांनी हौसेने रात्री-अपरात्री जाऊन दुरुस्तीचं काम हाती घेतलं. मुंबईत हात लावणारे कितीतरी पट जास्त. त्यात पावसाळ्याची ओल, ब्रेकची लोखंडी धूळ. म्हणून मंजुरीच्या कागदातच लिहून घ्या की दुरुस्ती कोण करणार, पैसे कुठून येणार. स्क्रीन शक्यतो टाळा, स्क्रीन बंद पडली की भिंत मेली. लाकूड आणि लोखंड ठेवा. हलणारे भाग कमीत कमी, आणि ते किल्लीने समोरून उघडता आले पाहिजेत. एक धोटा लावणार असाल तर सुतारापासून पन्नास करून घ्या आणि स्टेशन मास्तरांच्या कपाटात ठेवा. झिजले की बदलायचे.

पन्नासातले दहा माझ्याकडून.

साचेवाल्याची_नात

काल रात्री हे सगळं आईला वाचून दाखवलं. तिने फळीवरून धोटा उतरवला आणि त्या काळ्या जागेवर बराच वेळ अंगठा ठेवून बसली. तिला वडिलांचा खोकला आठवत होता, म्हणाली. बाकी काही बोलली नाही.

भोंग्याची साखळी काढून टाकली. आता डोक्यात आहे ते असं. भिंतीत लोखंडाची जाड पट्टी, तळहात ठेवला की साच्याच्या वेगाने थरथरणारी. आवाज नाही, फक्त हातात. पट्टीच्या मध्यावर पेटीत धोटा. तो उचलला की थरथर थांबेल, जसा कांडी बदलताना साचा थांबायचा. आणि धोटा कानाजवळ नेला की भोकातून फक्त एक आवाज येईल, सूत ओढताना आत घेतलेल्या श्वासाचा. परत ठेवला की भिंत पुन्हा सुरू. धोट्यात आवाजाची सोय कशी बसवायची ते आमच्यातला एकजण बघतोय. आजोबांची पहाटे चारची गोष्ट पट्टीच्या सुरुवातीला, त्यांच्याच शब्दांत.

नायगावकर दादा, १९२८ चा मजकूर धोट्याच्या अगदी वर, डोळ्यांच्या उंचीवर. तो तुम्ही लिहाल का? मी लिहिलेला मला पुरेसा वाटत नाही. खानावळवाल्या ताई, वहीची दोन पानं नक्की हवीत, त्यांच्यासाठी डावीकडे चार फूट ठेवलेत. करीरोडवाले, उद्या सकाळी साडेनऊला टेप घेऊन जाते.

आणि पाटणच्या आजोबांना विचार रे. तो श्वास मला दुसऱ्या कुणाचा नकोय. रविवारी दुपारी रेकॉर्डर घेऊन आले तर चालेल का? धोटा माझ्या आजोबांचा आणते. कांडी मात्र आमच्याकडे राहिलेली नाही.

पाटणचा_नातू

आजोबा म्हणतात ये. कांडी आहे, ट्रंकेत. सूत तेवढं घेऊन ये, तीस नंबरचं, पांढरं.