शनिवारची झिंग आणि सोमवारची लघवी

सुतारपक्षी
मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात राहतो. आमच्या टीमने चार फेऱ्या मुलाखती घेऊन निवडलेल्या एका पोराचं ऑफर लेटर कंपनीने गेल्या महिन्यात परत घेतलं. कारण, लघवीच्या तपासणीत गांजा. काम काय, तर घरी बसून डेटाबेस सांभाळायचा. पोराने आढेवेढे घेतले नाहीत. दोन आठवड्यांपूर्वी मित्राच्या लग्नात ओढला होता म्हणाला. या राज्यात २०१२ च्या मतदानाने गांजा कायदेशीर झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो दुकानात राजरोस मिळतो. सरकार त्यावर कर घेतं. तोच गांजा घरी नेऊन ओढला की नोकरी गेली!

गांजा चांगला की वाईट हा माझा मुद्दाच नाही. मुद्दा तपासणीचा आहे. टीएचसी, म्हणजे गांजातलं झिंग आणणारं द्रव्य, चरबीत मुरतं आणि ते मोडून उरलेला अंश सावकाश लघवीवाटे बाहेर पडत राहतो. तपासणीत सापडतो तो हा अंश, आणि त्याने झिंग चढत नाही. उष्टी पत्रावळ सापडली म्हणून पंगत अजून चालूच आहे असं धरण्यातला हा प्रकार. शुक्रवारी रात्री शुद्ध हरपेपर्यंत प्यायलेला मात्र सोमवारी यंत्रात फुंकर मारून हसत कामाला लागतो.

उंटावरचा शहाणा
साफ असहमत. ४ जानेवारी १९८७, मेरीलँडमधलं चेस. कॉनरेल या मालवाहू रेल्वे कंपनीची जोडलेली तीन इंजिनं सिग्नल ओलांडून मुख्य रुळावर आली आणि मागून भरधाव येणारी अॅमट्रॅकची प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. १६ माणसं गेली. इंजिन चालवणारा आणि त्याच्यासोबतचा ब्रेकमन, दोघांनी गांजा ओढला होता. त्यानंतर १९९१ मध्ये कायदा झाला आणि विमानं, रेल्वे, ट्रक, बस अशा जोखमीच्या कामांत तपासणी सक्तीची झाली. उगाच कुणाला लहर आली म्हणून नाही.

तुमचा डेटाबेस रुळावरून घसरत नाही, मान्य. पण ज्या कंपनीत फोर्कलिफ्टही आहे आणि कीबोर्डही, तिने टेबलागणिक वेगळा नियम करायचा का? आणि जाता जाता, लग्नात एकदाच ओढलेला गांजा दोन आठवड्यांनी सहसा सापडत नाही. क्वचित ओढणाऱ्याचा नमुना तीन-चार दिवसांत साफ होतो. महिनाभर सापडत राहतो तो रोज ओढणाऱ्यांचा. पोराने तुम्हाला अर्धंच सांगितलंय.

सुतारपक्षी
इथे पकडलंत. पोराची वकिली करायच्या भरात हे माझ्या डोक्यात आलं नाही. पण तो रोज रात्री ओढत असेल असं धरलं तरी सकाळी दहा वाजता तो तारेत होता हे कुठे सिद्ध होतं?

आणि चेसचंच घ्या. त्या इंजिनातली धोक्याची शिट्टी टेप लावून दाबून टाकलेली होती. ती कुणाच्या लघवीत सापडणार होती?

उंटावरचा शहाणा
टेप लावलेल्या शिट्टीचं इंजिन हाकायचं धाडस कशाने येतं, तेही विचारा की.

खडूस आजोबा
एवढी चर्चा कशाला? नोकरी हवी असेल तर महिनाभर कळ काढा. जाहिरातीत लिहिलेलं असतं, अर्जावर सही असते. ज्याला महिनाभर राहवत नाही त्याला ती सवय नाही, व्यसन आहे, आणि कंपनीला नेमकं तेच कळायला हवं असतं.

हँगरवाला
मी विमान दुरुस्तीत आहे. आमच्याकडे नोकरी लागताना एकदा आणि मग अधूनमधून कधीही तपासणी होते. इथे बरेच जण तपासणी म्हणजे कपात लघवी करून दिली इतकंच समजताहेत, म्हणून सांगतो.

सुपरवायझर येऊन कानात सांगतो, लगेच निघ. हातातला पाना ठेवायचा आणि जायचं. तिथे खिसे उलटे करून दाखवायचे, जाकीट बाहेर काढून ठेवायचं, त्यांच्यासमोर हात धुवायचे. आत संडासाच्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो, म्हणजे कुणी तेच पाणी कपात मिसळू नये. नळ बंद, आणि फ्लशला हात लावायचा नाही. निदान ४५ मिलिलिटर भरायलाच हवी. कपावर तापमानाची पट्टी असते आणि बाहेर आल्यावर ४ मिनिटांच्या आत ती ९० ते १०० अंश फॅरनहाइटमध्ये दिसावी लागते. माझ्या मागच्या वेळेला झालीच नाही. मग ३ तास बसवून ठेवलं, तेवढ्या वेळात ४० औंसांपर्यंत पाणी प्यायची मुभा. पन्नाशीचा माणूस, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत घोट घोट पाणी पितोय आणि समोरची पोरगी दर थोड्या वेळाने विचारतेय, "आता जमेल का?" तेवढ्यात जमली नाही आणि डॉक्टरांनी काही आजार नाही म्हटलं, तर तो नकार धरतात. नकार म्हणजे नापासच.

तरीही माझं मत तपासणीच्या बाजूने. मी आवळलेल्या बोल्टवर माझ्या जोडीदाराची सही असते आणि त्याने आवळलेल्यावर माझी. काल रात्री त्याने काय केलं हे मला विचारता येत नाही. कुणीतरी विचारतंय, बरं आहे. पण घरी बसून डेटाबेस सांभाळणाऱ्याला हे सगळं करायला लावणं मला हास्यास्पद वाटतं.

कोपऱ्यातली
मी एचआरमध्ये आहे, त्यामुळे शिव्या इथेच द्या.

आजोबा, "कळ काढा" म्हणणं सोपं आहे. ब्रँडन कोट्सचा खटला माहीत आहे का? हातापायांनी लुळा, व्हीलचेअरवर, स्नायूंच्या झटक्यांसाठी राज्याच्या परवान्याने गांजा घ्यायचा. डिश नेटवर्क या टीव्ही कंपनीत फोनवर ग्राहकांशी बोलायचं काम. २०१० मध्ये तपासणीत सापडला आणि काढला गेला. तो कामावर नशेत होता असं कंपनीनेही म्हटलं नव्हतं. कामाबाहेर जे कायदेशीर ते केल्याबद्दल कुणाला काढू नये असा कोलोरॅडोत कायदा आहे, त्याचा आधार घेऊन तो लढला. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने. कायदेशीर म्हणजे केंद्राच्याही कायद्याने कायदेशीर, आणि केंद्राच्या लेखी तो गुन्हाच. सुतारपक्षी, तुमच्या पोराचं प्रकरण इथेच अडतं.

दुसऱ्या राज्यांनी वाट काढली आहे. नेवाडात २०२० पासून बहुतेक कामांत केवळ गांजा सापडला म्हणून उमेदवाराला नाकारता येत नाही. आगीचे बंब, रुग्णवाहिका, जोखमीची कामं वगळून. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून झिंग न आणणाऱ्या अंशावरून काढता येत नाही, तिथेही बांधकामवाले आणि केंद्राच्या नियमांतली कामं वगळलीच आहेत. आणि अॅमेझॉनने २०२१ मध्ये केंद्राच्या वाहतूक नियमांत न येणाऱ्या जागांसाठी गांजाची तपासणी सोडून दिली. भूतदयेपोटी सोडली असं मला तरी वाटत नाही. त्या वर्षी माणसंच मिळत नव्हती.

उंटावरचा शहाणा
म्हणजे माणसं मिळेनात म्हणून सुरक्षा कमी केली. माझंच म्हणणं झालं हे. बरं, लघवी नको तर मोजायचं कसं ते सांगा. दारूला आकडा आहे, ट्रकवाल्याला रक्तात ०.०४ टक्के. गांजाला काय?

कोपऱ्यातली
तसा आकडा नाही, हे खरं दुखणं आहे. रक्तातलं टीएचसी आणि माणूस किती बधिर झालाय याचा मेळ दारूसारखा बसत नाही, हे अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २०१७ च्या अहवालात संसदेलाच सांगितलंय. लाळेची तपासणी त्यातल्या त्यात बरी, ती नुकतंच घेतलेलं पकडते. पण नुकतंच म्हणजे सकाळी की काल रात्री, ते तीही नेमकं सांगत नाही. आम्ही सुपरवायझरना शिकवतो ते साधं आहे: डोळे, बोलणं, तोल, कामातल्या चुका, आणि दोघांनी बघून लिहून ठेवायचं. कटकटीचं आहे. कप पुढे करणं सोपं, म्हणून सगळे कप पुढे करतात.

टवाळ
डोळे लाल आणि कामात चुका? मग आमचा मॅनेजर दर महिनाअखेरीला नापास.

सातासमुद्रापार
नोकरीचं सोडा, इथे व्हिसावर आणि ग्रीन कार्डवर असलेल्यांनी नीट वाचा. राज्यात कायदेशीर असलेला गांजासुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात नडू शकतो, हे इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. नुसती तोंडी कबुलीही अंगाशी येते. सुतारपक्षी, तो पोरगा नागरिक नसेल तर त्याने एचआरला मनमोकळेपणाने जे सांगितलं ते कुठे लिहिलं गेलंय, हे आधी एखाद्या वकिलाला विचारायला सांगा. इथे त्याची आणखी माहिती टाकू नका.

सुतारपक्षी
हे सुचलंच नव्हतं. त्याला आजच फोन करतो. पुढचा तपशील इथे येणार नाही.

उंटावरचे, फोर्कलिफ्टला तपासणी असावी हे मला पहिल्यापासून मान्य आहे. टेबलागणिक नियम करायचा का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे. हँगरवाल्यांचा प्रतिसाद वाचून एचआरला पत्र लिहिलंय: कुठल्या जागा जोखमीच्या त्याची यादी करा आणि घरी बसून करायची कामं त्यातून काढा. दोन वाक्यांचं उत्तर आलंय, "सूचनेबद्दल आभार, विषय विचाराधीन आहे."

खडूस आजोबा
विचाराधीन म्हणजे कपाटात.