मदत हवी आहे: यिन-अरचं सूप दाट होत नाही, आणि शरदातला आहार सुरू कधी करायचा?

कोथिंबीर_जुडी
मुक्काम बीजिंग, स्वयंपाक शाकाहारी. चिनी वैद्यकात शरद हा फुप्फुसाचा ऋतू, त्यात बाधा कोरडेपणाची, म्हणून नासपती, यिन-अर (सुकी पांढरी अळंबी), कमळबी असं ओलावा देणारं खायचं, हे माहीत आहे. अडतंय ते पुढे:

१) 10 ग्रॅम यिन-अर, अडीच लिटर पाणी, अर्धा तास उकळी. पाणी पाणीच राहतं, अळंबी कुरकुरीत.
२) गोजी बेरी (लहान लाल सुकी फळं) सुरुवातीलाच घालते, सूप आंबटसर लागतं.
३) हे सूप घेतलं की सासूबाईंचं पोट सैल होतं.
४) चिनी पंचांगात शरद 7-8 ऑगस्टलाच लागतो. तेव्हा तर इथे घामाच्या धारा असतात!

खलबत्ता
पाणी दुप्पट आणि वेळ निम्म्याहूनही कमी, दाट होणार कसं? 10 ग्रॅमला सव्वा लिटर पुरे. अळंबी गार पाण्यात तास-दीड तास भिजवा, देठाकडचा पिवळा टणक भाग कापून टाका आणि नखाएवढे तुकडे करा. मोठे तुकडे ठेवले तर चीक सुटत नाही. एक उकळी आली की मंद आचेवर सव्वा ते दीड तास. शेवटच्या अर्ध्या तासात अधूनमधून ढवळा, तळाला लागतं. कुकर असेल तर शिटीनंतर मंद आचेवर 25-30 मिनिटं. नासपती शेवटच्या 20 मिनिटांत, 25 ग्रॅम खडीसाखर अगदी शेवटी, आणि गोजी गॅस बंद करण्याआधी 5 मिनिटं. जास्त शिजली की ती फुटून आंबटपणा सोडते.

अळंबी रात्रभर ओट्यावर भिजत ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. तिच्यात एक जिवाणू वाढून बॉन्ग्क्रेकिक आम्ल नावाचं विष तयार होऊ शकतं. ते उकळूनही जात नाही आणि चीनमध्ये त्याने माणसं दगावलेली आहेत. भिजवलेली चिकट, वासाची झाली तर सरळ फेका. घेतानाही फिकट पिवळसर घ्या. दुधासारखी पांढरीशुभ्र आणि नाकाला झोंबणारी असेल तर गंधकाची धुरी दिलेली असण्याची शक्यता.

ऋतुगंध
चौथ्याचं बोलते. पंचांगातली तारीख ही फक्त सूचना, जेवण हवेवर ठरतं. ऑगस्टमध्ये बीजिंगला दमटपणा असतो. चिनी वैद्यकात तो 'लांब उन्हाळा' म्हणजे प्लीहेचा (तिथे पचन तिच्याकडे मानतात) काळ. तेव्हा गोड-चिकट सूप जड पडतं. त्यापेक्षा राळ्याची पेज करा (तिकडचं शाओमी म्हणजे आपला राळाच).

कोरडेपणाचेही दोन प्रकार. शरदसंपाताच्या (23 सप्टेंबर) आगेमागे उष्ण कोरडेपणा: घसा खवखवतो, तहान लागते. तेव्हा नासपती, शेवंतीचा चहा. ऑक्टोबर सरता सरता थंड कोरडेपणा: अंगावर शिरशिरी, कोरडा खोकला. तेव्हा नुसती नासपती गार पडते, सोबत आल्याच्या दोन चकत्या आणि बिया काढलेली 3-4 सुकी लाल बोरं हवीत. 15 नोव्हेंबरला घरोघरी हीटिंग सुरू झालं की घरातली हवा आणखी कोरडी होते, म्हणून थंडीतही आठवड्यातून दोनदा हे सूप चालतं.

सासूबाईंचं उत्तरही यातच आहे. नासपती थंड प्रकृतीची. पोट नाजूक असेल तर कच्ची नको, शिजवलेली अर्धीच द्या, तीही सकाळी किंवा दुपारी आणि कोमट. तरी सैल होत असेल तर नासपती वगळून कमळबी 15 ग्रॅम घाला, मधला हिरवा कोंब काढून. मधुमेह असेल तर खडीसाखर नकोच.

कोथिंबीर_जुडी
धन्यवाद! मधुमेह नाही, पण त्या रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेतात. शिवाय दुकानदाराने सुपात घालायला 'शिंगरन' दिलंय, बदामासारखं दिसतं. घालू का?

खलबत्ता
वॉरफरिन असेल तर त्यांच्या वाटीत गोजी नको. तिच्यामुळे रक्त जास्त पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिनी जडीबुटीही नको.

शिंगरन म्हणजे जर्दाळूच्या बिया. 'नान' (दक्षिणी) गोड आणि आकाराने मोठ्या, त्या 10 ग्रॅमपर्यंत सुपात चालतात. 'पेई' (उत्तरी) कडू, लहान. त्यांच्यात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, वैद्याने मोजून दिल्याशिवाय वापरत नाहीत. पाकिटावर कोणतं लिहिलंय ते बघा, आणि सुट्या घेतल्या असतील तर दुकानदाराला नीट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर परत करा. सूप त्यांच्यावाचून अडत नाही.