मदत हवी आहे: विज्ञान-लघुपटात वातावरण उभे राहत नाही

मंदप्रकाश
आमचा विज्ञान-लघुपट संकलनाच्या शेवटच्या टप्प्यावर अडला आहे आणि रविवारी अंतिम प्रत द्यायची आहे, म्हणून कृपया लवकर उत्तर द्यावे. आतापर्यंत चार जणांनी तो पाहिला आणि चौघांनीही ‘यात काहीच घडत नाही’ असे सांगितले. कथेपेक्षा वातावरणाला महत्त्व द्यायचे, हे आम्ही लिहितानाच ठरवले होते. कमी खर्चात केलेले आणि वातावरणावर उभे असलेले विज्ञानपट सुचवा, म्हणजे आमचे काय चुकते आहे ते मला पडताळून पाहता येईल. लघुपट संथ आहे हे मला ठाऊक आहे. तेवढेच सांगण्यासाठी प्रतिसाद देऊ नये.

रीळवाला
लघुपट किती मिनिटांचा आहे, त्यात माणसे किती आहेत आणि त्यातली वैज्ञानिक कल्पना कोणती, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. तरीही ख्रिस मार्कर यांचा १९६२ सालचा ‘ला जेते’ आधी पाहा. २८ मिनिटांचा हा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे. झोपलेली स्त्री डोळे उघडते, तेवढा एकच क्षण त्यात हलतो. त्या पापण्या हलल्या तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो होतो, कारण तोवर माझ्या डोळ्यांना स्थिरतेची पुरती सवय झालेली होती. खर्च नगण्य, परिणाम मात्र आजही तसाच आहे.

चौकट
‘प्राइमर’ पाहा. २००४ साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट शेन कॅरूथ यांनी सुमारे ७,००० डॉलरांत केला. एकदा पाहून समजला नाही तर वही घेऊन दुसऱ्यांदा पाहा. कमी खर्चाच्या विज्ञानपटाबद्दल शिकायचे ते सगळे त्यात आहे.

उत्तररात्र
चौकट, धाग्याचा विषय कथेवर न विसंबणारे चित्रपट हा आहे आणि ‘प्राइमर’ तर आदिपासून अंतापर्यंत कथानकच आहे. वही घेऊन पाहावा लागणारा चित्रपट वातावरणाचा कसा म्हणायचा?

चौकट
मला त्यातले कोडे पहिल्यांदा अजिबात सुटले नव्हते. लक्षात राहिली ती त्यातल्या कालप्रवासाच्या पेटीची घरघर, गॅरेजमधला आजारी उजेड आणि एकमेकांवरचा विश्वास हळूहळू उडत चाललेले दोन मित्र. कथानक कळत नसतानाही जे मनात उरते, त्यालाच मी वातावरण म्हणतो.

जुनीकाच
शक्य असेल तर १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण करा. ‘प्राइमर’सुद्धा सुपर १६वरच चित्रित झालेला आहे. फिल्मच्या कणांमुळे साध्या भिंतीलाही जीव येतो, आणि ते डिजिटलमध्ये कितीही खटपट केली तरी साधत नाही. निदान जुन्या, कडा थोड्या धूसर दाखवणाऱ्या भिंगांचा तरी विचार करावा.

मंदप्रकाश
जुनीकाच, चित्रीकरण पूर्ण झालेले आहे, त्यामुळे कॅमेऱ्याचा आणि भिंगांचा प्रश्नच उरत नाही. लघुपट १४ मिनिटांचा आहे आणि त्यात एकच अभिनेत्री आहे. बंद पडलेल्या एका निरीक्षण केंद्रात ती एकटी राहते. एवढी माहिती पुरेशी आहे असे मला वाटते.

रीळवाला
पुरेशी नाही. तिथे विपरीत काय आहे? तेच तुम्ही अजून सांगितलेले नाही.

मंदप्रकाश
दिवा. रोज संध्याकाळी ती भिंतीवरचा खटका दाबते आणि दिवा आदल्या दिवसापेक्षा एक सेकंद अधिक उशिरा लागतो. पहिल्या संध्याकाळी एक सेकंद, नवव्या संध्याकाळी नऊ. केंद्राच्या आत काळ मागे पडत चालला आहे, हे ती अखेरीस टेपरेकॉर्डरवर बोलून दाखवते. पहिल्या दोन संध्याकाळी पूर्ण ठेवल्या आहेत. पुढच्या सगळ्या संकलकाने दीड-दोन सेकंदांवर आणल्या, कारण अंधारात नुसते उभे राहणे फार लांबत होते. पार्श्वसंगीत पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत आहे आणि तीच आमची सर्वांत जमलेली बाजू आहे, म्हणून त्याचा उल्लेख केला नव्हता.

ध्वनिलहरी
मग तुमचा चित्रपट तुम्हीच कापून टाकला आहे, आणि जे उरले त्यावर संगीत पसरले आहे. उशीर हा दोन गोष्टींमधला असतो. खटक्याचा ‘टक्’ ऐकू आला तरच प्रेक्षक वाट पाहू लागतो. संगीताखाली तो बुडाला, तर दिवा कधी लागायला हवा होता हेच कोणाला कळत नाही. त्यात सातवी संध्याकाळ तिसरीइतकीच भरत असेल, तर खरोखरच काहीच घडत नाही. तुमचे चार प्रेक्षक अगदी अचूक बोलले आहेत. नऊ संध्याकाळचा उशीर मिळून ४५ सेकंद होतो आणि १४ मिनिटांत तो सहज सामावतो. निदान खटक्यांच्या दृश्यांमधले संगीत काढा, प्रत्येक उशीर पूर्ण ठेवा आणि टेपरेकॉर्डरवरचे स्पष्टीकरण गाळून पाहा.

उत्तररात्र
मी याच्याशी सहमत आहे. रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कींच्या १९७९ सालच्या ‘स्टॉकर’मध्ये तिघे जण रुळांवरच्या ट्रॉलीतून ‘झोन’ या निषिद्ध प्रदेशाकडे जातात तो प्रवास पाहा. कॅमेरा मुख्यतः त्यांच्या डोक्यांच्या मागच्या बाजूंवर खिळलेला आहे, कोणी काही बोलत नाही, आणि रुळांचा खडखडाट हळूहळू यंत्राने बदललेल्या नादात विरघळत जातो. सरहद्द ओलांडल्याचे आधी कानांना कळते. तपकिरी चित्रात रंग येतो तो त्यानंतर. संगीतकार एडुआर्ड आर्तेमयेव यांनी तिथे संगीत आणि आवाज यांच्यातली सीमाच पुसून टाकली आहे.

चौकट
तार्कोव्हस्कींना जे शोभते ते १४ मिनिटांच्या लघुपटाला शोभेलच असे नाही. नऊ सेकंद काळा पडदा पाहून प्रेक्षकाला चित्रफीत बिघडली असे वाटेल. माझ्या मते एक संध्याकाळ पूर्ण ठेवावी आणि बाकीच्या आवरत्या घ्याव्यात.

रीळवाला
‘द व्हास्ट ऑफ नाइट’ हा २०१९चा चित्रपट पाहा. रेडिओ केंद्रात फोन करणारा माणूस आपला अनुभव सांगत असताना पडदा पूर्ण काळा होतो आणि आपण फक्त ऐकत राहतो. बिघाड झाला असे वाटत नाही, कारण आवाज अखंड चालू असतो. मंदप्रकाश यांच्या अंधारालाही खोलीचा आवाज असला पाहिजे. वारा, एखाद्या यंत्राची बारीक गुणगुण, तिचा श्वास, यांपैकी काहीही चालेल. संपूर्ण शांतता ठेवली तर चौकट यांची शंका खरी ठरेल.

चौकट
आवाज राहणार असेल तर माझी हरकत नाही. सहाव्या-सातव्या संध्याकाळपासून तिच्या उभे राहण्यातही फरक दिसावा, एवढे मात्र पाहा.

मंदप्रकाश
काल रात्री संगीत बंद करून सर्व संध्याकाळी पूर्ण लांबीने लावून पाहिल्या. पाचव्या संध्याकाळी ती खटक्यावरचे बोट काढतच नाही, हे माझ्या प्रथमच लक्षात आले. अभिनेत्रीने ते आपणहून केले होते आणि आम्ही ते कापून टाकले होते. आता नवीच अडचण उभी राहिली आहे. खोलीचा रिकामा आवाज आम्ही वेगळा मुद्रित केलेला नाही आणि ती जागा आता उपलब्ध नाही. संगीत काढल्यावर प्रत्येक कटला आवाज तुटतो आहे. काय करावे?

ध्वनिलहरी
प्रत्येक टेकचे मूळ ध्वनिमुद्रण उघडा. ‘ॲक्शन’ म्हणण्यापूर्वी सगळे गप्प उभे असतात, ते काही क्षण आणि टेक संपल्यानंतरचे क्षण गोळा करा. बोलणे, पावले, कपड्यांची सळसळ असलेला भाग टाळा. उरलेले तुकडे एकमेकांवर थोडे चढवून आणि जोड विरघळवून लांब पट्टा तयार करा, आणि तो सर्व दृश्यांखाली सलग ठेवा. एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा जोडू नका, त्याचे आवर्तन कानाला लगेच कळते.

मंदप्रकाश
सहा टेकमधून मिळून २३ सेकंद स्वच्छ आवाज मिळाला आहे. त्यात कुठेतरी लांबून लोखंडी पत्रा वाऱ्याने एकदा वाजलेला आहे. तो फक्त नवव्या संध्याकाळी, सातव्या सेकंदाला ठेवतो आहे. उद्या त्याच चौघांना पुन्हा दाखवणार आहे. टेपरेकॉर्डरचे दृश्य तूर्त बाजूला काढून ठेवले आहे.