नरीमन हाऊसच्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) गॅव्रिएल आणि रिव्काला श्रद्धांजली वाहायची आहे, ज्यू रीत कोणाला माहितीये का?

कुलाबा_अपडाऊन:
नमस्कार मंडळी, माझं ऑफिस कुलाब्यात आहे. दरवर्षी २६/११ ला आम्ही ऑफिसमधले काही जण गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळेंच्या पुतळ्यापाशी जातो, हार घालतो, थोडा वेळ थांबतो. यंदा नरीमन हाऊसलाही, म्हणजे त्याच हल्ल्यात सापडलेल्या कुलाब्यातल्या ज्यू केंद्रालाही, जायचं ठरतंय. खरं सांगायचं तर त्या इमारतीचं नाव काढलं की मला हेलिकॉप्टरमधून दोरीने गच्चीवर उतरणारे कमांडोच आठवतात, गजेंद्रसिंह बिश्त तिथेच शहीद झाले, ते विसरणं शक्यच नाही. पण आत जे राहत होते त्यांच्याबद्दल परवा नीट वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष लागेना. गॅव्रिएल होल्ट्झबर्ग २९ वर्षांचे, त्यांची बायको रिव्का २८ ची आणि पोटुशी. माझी धाकटी बहीण आज त्याच वयाची आहे हो. आपलं घरदार सोडून २००३ मध्ये मुंबईत आले, कशासाठी तर इथे येणाऱ्या-राहणाऱ्या ज्यू लोकांची सेवा करायला, आणि आपल्याच शहरात त्यांना असं मरण आलं. तर विचारायचं हे की तिथे हार-फुलं, उदबत्ती नेलेलं चालतं का? दगड ठेवतात असं कुठेतरी ऐकलंय, ते काय असतं? चुकीचं काही करून कोणाला दुखवायचं नाहीये.

ठाणेकर_बेने_इस्रायल:
तुम्ही आवर्जून विचारलंत, खूप बरं वाटलं. आमच्यात शोकाला हार-फुलांची रीत नाही, उदबत्ती तर नाहीच, पण कोणी मनापासून फुलं आणली म्हणून राग यायचं काही कारण नाही. दगडाचं म्हणाल तर तो कबरीवर ठेवतात, भेट देऊन गेल्याची खूण म्हणून. त्या दोघांचं दफन जेरुसलेमला ऑलिव्ह पर्वतावर झालंय, त्यामुळे इथे दगड ठेवायचा प्रश्नच नाही. इथे मेणबत्ती लावा. वर्षदिनाला आम्ही घरी आदल्या संध्याकाळी दिवा किंवा मेणबत्ती लावतो, चोवीस तास टिकेल अशी, कारण आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आणि वर्षदिन हिब्रू तिथीने धरतात, तुमच्या श्राद्धासारखंच, म्हणून तो दरवर्षी २६ नोव्हेंबरलाच येईल असं नाही, त्यांची तिथी किस्लेव महिन्याच्या सुरुवातीला असते.

सिनेगॉगमध्ये म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात कद्दिश म्हणतात, ती गेलेल्यांसाठीची प्रार्थना, पण त्याला दहा पुरुष लागतात. हे ऐकायला सोपं वाटतं, आमच्याकडे आता माणसंच कमी झालीत, बहुतेकांची मुलं इस्रायलला. माझ्या वडिलांच्या वेळेला नऊ जण जमून बसले होते आणि दहाव्याला फोनवर फोन चालले होते, तो कळव्याहून रिक्षाने आला तेव्हा कुठे म्हणता आलं. परमुलखात एकट्या पडलेल्या ज्यू माणसाला असं घर असणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. रब्बी गॅव्रिएल नेमकं तेच करत होते. फोर्टच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायचे, कोशर म्हणजे आमच्या धर्मात चालणारं मांस मिळावं म्हणून स्वतः शोखेत होते म्हणजे धर्माच्या नियमाने कापणारे, आणि शुक्रवारी रात्री त्यांच्या टेबलावर कोणीही येऊन जेवावं, पाठीवर बॅग घेऊन फिरणारी इस्रायली पोरं, धंद्याला आलेले व्यापारी, सगळे.

मनस्वी_८२:
वाचून गलबलून आलं. पण एक मनात आलं ते विचारते, राग मानू नका. हे लोक धर्मप्रसारासाठी आले होते का? आमच्याकडे काही जण तसं म्हणतात.

ठाणेकर_बेने_इस्रायल:
नाही ताई, अजिबात नाही. ज्यू धर्मात दुसऱ्यांना बाटवायची पद्धतच नाही. ते चाबाद या ज्यू धार्मिक चळवळीचे होते, तिचं मुख्य केंद्र न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये, गॅव्रिएल लहानाचे मोठे तिथेच झाले, रिव्का इस्रायलच्या अफुला गावची. चाबाद तरुण जोडप्यांना जगभर पाठवते आणि ती जोडपी सहसा जन्मभरासाठी जातात, वर्ष-दोन वर्षांची हौस नसते, पैसाही बराचसा आपला आपणच उभा करायचा. काम फक्त ज्यूंमध्ये. हेही सांगतो की आम्हा बेने इस्रायलींच्या, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, चालीरीती वेगळ्या आहेत, आमच्यात पूर्वापार रब्बी नसतात, हजान प्रार्थना चालवतो, मलिदा म्हणजे गोड पोह्यांचा प्रसादाचा विधी आम्ही करतो तो त्यांच्याकडे नाही. त्यामुळे आम्ही सगळेच काही त्यांच्याकडे जाणारे नव्हतो. तरी ते गेले तेव्हा आमच्या घरात चूल पेटली नव्हती.

रश्मी_डोंबिवली:
मी आई म्हणून लिहितेय, मला रिव्काचं फार लागतं. त्यांचं पहिलं मूल आनुवंशिक आजाराने गेलेलं, दुसऱ्यालाही तोच आजार, ते तेव्हा इस्रायलमध्ये उपचाराला होतं आणि नंतर तेही गेलं. एवढं डोक्यावर असताना ही पोरगी परक्या देशात रोज कोणाकोणाला जेवू घालत होती, माझ्याच्याने झालं नसतं. आणि मोशे, त्यांचा मुलगा, जेमतेम दोन वर्षांचा. त्याला सांभाळणारी सँड्रा सॅम्युअल खाली लपली होती, रडणं ऐकून वर गेली तर तो आईबाबांच्या शेजारी, विजार रक्ताने भिजलेली, त्याला उचलून तशीच बाहेर पळाली. पुढे त्याच्यासाठी ती इस्रायललाच राहिली, २०१० मध्ये तिला तिथलं मानद नागरिकत्व मिळालं. मोशे अफुलाला आजी-आजोबांकडे वाढला, जानेवारी २०१८ मध्ये मुंबईला आला होता तेव्हा मी टीव्हीसमोरून उठलेच नाही. तुम्ही जाल तेव्हा सँड्राचंही नाव घ्या प्लीज. आणि त्या घरात बाकीचे चार पाहुणेही मारले गेले, त्यांची नावं कोणी घेतच नाही.

कुलाबा_अपडाऊन:
रश्मीताई, नक्की घेऊ. सहाही जणांची नावं कागदावर लिहून नेतो आणि तिथे वाचतो. ठाणेकर, खूप आभार, आता निदान काय करू नये ते तरी कळलं. मेणबत्तीशिवाय अजून काही करता येईल का? नुसतं पाच मिनिटं उभं राहून परत यायचं हे पुरेसं वाटत नाहीये.

ठाणेकर_बेने_इस्रायल:
गेलेल्याच्या नावाने त्सेदाका देतात, म्हणजे गरजूला दान. त्या दोघांच्या नावाने कोणाला तरी जेवू घाला, कोणत्याही धर्माचा असू दे, त्यांच्या घराला शोभेल असं तेच. जायच्या आधी फोन करून विचारून घ्या, २०१४ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झाल्यापासून सिक्युरिटी कडक आहे, ओळखपत्र सगळ्यांनी ठेवा. वरच्या मजल्यांवर गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्यात, कोणाला सहन होत नसेल तर खालीच थांबा. आणि २६ तारीख शुक्रवारी आली तर दुपारीच आटपा, सूर्यास्तानंतर शब्बाथ म्हणजे आमचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस लागतो, मग मेणबत्ती पेटवता येत नाही आणि मोबाइलही काढू नका. तारीख ठरली की मला मेसेज करा, मी ठाण्याहून येतो.